मलिक अंबर : चौथीच्या पाठातल्या एका नावामागचा माणूस



चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकात भोसले घराण्याचा पाठ शिकवताना आपण मालोजीराजे, शहाजीराजे, भातवडीची लढाई असं भराभर पुढे जातो. त्यात एक नाव येतं, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. आपण ते वाचतो, फार तर 'वजीर म्हणजे मुख्य प्रधान' एवढं सांगतो आणि पान उलटतो. पण मुलं चौकस असतात. एखादा विद्यार्थी हमखास विचारतो की हा माणूस आपल्या बाजूचा होता की शत्रूच्या. हा प्रश्न टाळू नका. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. विशेषतः तुमची शाळा मराठवाड्यात किंवा नगर भागात असेल तर हा तुमच्या परिसराचाच इतिहास आहे.

सुरुवात नकाशापासून करा. भारताचा नकाशा पुरणार नाही, जगाचा लावा. आफ्रिका खंडात पूर्वेला इथिओपिया नावाचा देश आहे. जुन्या काळी त्याला अॅबिसिनिया म्हणत, आणि आपल्याकडे तिथल्या लोकांना हबशी म्हणत. 1548 च्या सुमारास तिथे एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू. हा चापू लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधल्या मोखा बंदराच्या बाजारात तो आला, तिथून बगदादला गेला. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. मुलगा हुशार आहे हे त्या व्यापाऱ्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला. तो मुसलमान झाला आणि त्याला नवीन नाव मिळालं, अंबर.

इथे थोडं थांबा. आपल्या वर्गातली मुलं आठ-नऊ वर्षांची असतात, साधारण त्याच वयाची. आईवडील गेले, गाव गेलं, भाषा गेली, शेवटी नावसुद्धा गेलं. हे मुलांना समजतं, फार समजावून सांगावं लागत नाही. एक सुतळी घ्या आणि नकाशावर इथिओपिया, मोखा, बगदाद आणि मग थेट आपलं अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) अशी टाचण्यांनी जोडत न्या. मुलांनाच ती सुतळी धरू द्या. किती लांबचा प्रवास आहे हे त्यांच्या हाताला कळतं.

अहमदनगरला तेव्हा निजामशाही होती. तिथल्या चंगेजखान नावाच्या पेशव्याने अंबरला विकत घेतलं. (हा मंगोलियाचा चंगेजखान नव्हे, हे आवर्जून सांगा. नाहीतर मोठ्या वर्गातली मुलं गोंधळ घालतात.) हा चंगेजखान स्वतः हबशी होता, म्हणजे तोही कधीतरी असाच विकला जाऊन आलेला. त्याच्याकडे हजाराच्या आसपास हबशी गुलाम होते. आता मुलांच्या मनात गुलाम म्हटलं की साखळदंडातला माणूस येतो. दख्खनमधल्या या गुलामांचं काम शेतात राबणं नव्हतं, ते लढण्यासाठी विकत घेतले जात. परक्या देशातून आलेल्याला इथे भाऊबंद नाहीत, जमीन नाही, त्यामुळे तो मालकाशीच बांधलेला राहील असा सुलतानांचा आणि सरदारांचा हिशेब. मालक गेला की अनेकदा त्यांना मोकळं केलं जाई आणि कर्तबगार असेल तर तो सरदारही होई. म्हणून गुलामगिरी बरी होती असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. विकत घेतलेलं माणूस ते विकत घेतलेलंच.

1574-75 च्या सुमारास चंगेजखान मरण पावला. त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं. पुढची वीस वर्षं तो साधा सैनिक म्हणून इकडे तिकडे नोकरी करत राहिला. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत होता, तिथेच त्याला 'मलिक' ही पदवी मिळाली. 1595 च्या आसपास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम दीडशे घोडेस्वार होते आणि वय होतं सत्तेचाळीसच्या पुढे. आपण थोरांची चरित्रं सांगताना बालपणीच त्यांचे पाय पाळण्यात दाखवतो. इथे तसं काही सापडत नाही. पन्नाशीपर्यंत या माणसाचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं.

ते दिवस निजामशाहीच्या पडत्या काळाचे. अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला कसा लढवला हे तुम्ही सांगत असालच. पण 1600 मध्ये चांदबिबी तिच्याच लोकांकडून मारली गेली आणि किल्ला मोगलांनी घेतला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. निजामशाही संपली असंच दिल्लीला आणि आग्ऱ्याला वाटलं असेल.

तिथून मलिक अंबरची खरी गोष्ट सुरू होते. निजामशाही घराण्यातला एक मुलगा त्याने शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा (दुसरा) म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. राज्य त्या मुलाच्या नावाचं, कारभार अंबरचा. विखुरलेले हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे शिलेदार त्याने गोळा केले. मियाँ राजू नावाचा दुसरा सरदार आडवा येत होता, त्याचा काही वर्षांत बंदोबस्त केला. परांड्याहून राजधानी जुन्नरला नेली, पुढे दौलताबादला. आणि 1610 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला. विकत आणलेला मुलगा ज्या शहरात उतरला होता, ते शहर त्याने साठी ओलांडल्यावर जिंकून घेतलं.

त्याचं लढण्याचं तंत्र मुलांना लगेच ओळखीचं वाटेल. मोगलांकडे मोठ्या तोफा, हत्ती, जड चिलखतं, बाजारबुणगे. अंबरकडे हलके घोडेस्वार, त्यातले बहुतेक मराठे. समोरासमोर उभं राहायचं नाही. रात्री छावणीवर पडायचं, रसद तोडायची, शत्रूला डोंगरात ओढून न्यायचं आणि दमवायचं. यालाच बारगीर पद्धत म्हणत, आपण गनिमी कावा म्हणतो. महाराष्ट्राच्या डोंगरदऱ्यांची ओळख असलेल्या मराठा घोडेस्वाराचं महत्त्व मोठ्या प्रमाणावर ओळखलं ते मलिक अंबरने. त्या काळी आलेल्या एका इंग्रज प्रवाशाने त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचा अंदाज लिहून ठेवला आहे. या फौजेत वावरलेल्या घराण्यांची नावं काढली तर पुढच्या स्वराज्याची अर्धी हजेरी भरते. भोसले तर होतेच.

गोड गोड गोष्ट सांगायची सवय आपल्याला असते, म्हणून एक कडू भागही सांगतो. ज्या मुर्तजाला त्याने गादीवर बसवलं, त्याच्याशी पुढे त्याचं बिनसलं. सुलतानाच्या एका बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, आणि अंबरने 1610 मध्ये त्या दोघांना विष देऊन मारवलं, अशी हकिकत त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रोके या डच व्यापाऱ्याने नोंदवली आहे. पाच वर्षांच्या राजपुत्राला मग गादीवर बसवलं गेलं. चौथीच्या वर्गात हे सांगू नये असं माझं मत, सातवी-आठवीत जरूर सांगावं. पण आपल्याला माहीत असलं पाहिजे, म्हणजे आपण त्याला देवही करणार नाही आणि राक्षसही.

आता परिसराकडे येऊ. दौलताबादजवळ खाम नदीच्या काठी खडकी नावाचं एक गाव होतं. नावाप्रमाणेच सगळा खडक. (पुण्याजवळची खडकी वेगळी.) 1610 मध्ये मलिक अंबरने तिथे नवं शहर वसवायला घेतलं. हेच ते शहर. त्याच्यानंतर त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर नाव दिलं, 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा औरंगाबाद झालं, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. फळ्यावर ही चार नावं एकाखाली एक लिहा, समोर साल लिहा. गावांची नावं का बदलतात यावर मुलं आपणहून बोलायला लागतील. तुमच्या गावाचं जुनं नाव, वाडीचं नाव, शेताच्या पांदीचं नाव विचारून यायला सांगा. एका दिवसात वही भरते.

खडकावर शहर वसवायचं म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा. नदी लहान, पाऊस बेभरवशाचा. अंबरने काय केलं, तर शहराच्या उत्तरेला हर्सूलकडच्या डोंगराळ भागात जमिनीत मुरलेलं पाणी जमिनीखालूनच बोगद्यातून शहरात आणलं. यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. ना मोटर, ना पंप. डोंगराकडून शहराकडे जो नैसर्गिक उतार आहे तेवढ्याच जोरावर पाणी चालतं. बोगदा माणूस आत चालत जाईल एवढा. वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवली, त्यातून हवा खेळते आणि साफसफाईला उतरता येतं. शहराजवळ आलं की पाणी खापरी नळांतून पुढे जाई आणि मधे मधे बांधलेल्या उंच दगडी खांबांतून चढून उतरे, त्यामुळे दाब आवरला जाई. जमिनीखालून आल्यामुळे उन्हात वाफ होऊन जात नाही आणि शत्रूला वरून दिसतही नाही. त्याच्यानंतरही याच तऱ्हेच्या आणखी नहरी शहरात झाल्या आणि पार विसाव्या शतकापर्यंत लोक हे पाणी पीत होते. जुन्या मोहल्ल्यातल्या आजी-आजोबांना नहरीच्या पाण्याची चव अजून आठवते.

हे वर्गात दाखवायचं असेल तर फार साहित्य लागत नाही. मैदानात मातीचा एक ढीग, सलाईनची जुनी नळी आणि एक तांब्या पाणी. नळी मातीखाली उतरती पुरा, वरच्या टोकाला पाणी ओता. मग खालचं टोक थोडं वर उचला आणि पाणी का थांबलं ते विचारा. इतिहास आणि विज्ञान दोन्ही तासिका एकाच वेळी होतात.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सहलीला गेल्यावर पाणचक्की दाखवून ती मलिक अंबरने बांधली असं सांगितलं जातं. तसं नाही. पाणचक्की अठराव्या शतकातली, म्हणजे अंबरनंतर शंभराहून जास्त वर्षांनी झालेली आणि तिच्यासाठी वेगळी नहर आणलेली. अंबरच्या हातची वास्तू दाखवायची असेल तर भडकल दरवाजा दाखवा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो 1612 मध्ये उभा केला. शहरातल्या मुलांना भडकल गेट माहीत असतंच, डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यामुळे 14 एप्रिलला सगळं शहर तिथे लोटतं. पण मागची ती भक्कम कमान कोणाची हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

या शहराने सोसलंही खूप. 1616 मध्ये मोगलांनी अंबरचा पराभव करून खडकी जाळली, लुटली. 1621 मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा तह करावा लागला, मुलूख सोडावा लागला, आणि दोन्ही वेळा तो परत उभा राहिला. जहांगीर बादशहाला या माणसाचा इतका राग की त्याने एक चित्रच काढून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मस्तकाला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नाही, अंबर त्याच्या हाती कधी लागलाच नाही. ते चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. लहान मुलांना दाखवण्यासारखं नाही, पण वरच्या वर्गात जुनं चित्र म्हणजे खरा पुरावा का, ही चर्चा करायला याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही. पुढे गंमत अशी झाली की ज्या शाहजादा खुर्रमने (म्हणजे पुढचा शहाजहान) अंबरला तह करायला लावला होता, तोच बापाविरुद्ध बंड करून शेवटी अंबरकडेच मदतीला आला.

1624 ची भातवडी आपल्या पुस्तकात आहेच, पण ती नीट रंगवून सांगा. मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एक होऊन अंबरवर चालून आल्या. अंबर अहमदनगरजवळ भातवडीच्या भागात सरकला. तिथे एक मोठा तलाव होता. अंबरने त्याचा बांध फोडला. पाणी सुटलं, पावसाचे दिवस, सगळीकडे चिखल. तोफा रुतल्या, जनावरं अडकली. त्यात रसद तुटलेली आणि रात्री छावणीवर छापे. शत्रूचे लोक उपाशीपोटी पळून अंबरला येऊन मिळू लागले. मग त्याने घाव घातला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, बडे मोगल सरदार पकडले गेले. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त या लढाईचं वर्णन आहे. म्हणजे महाराजांच्या स्वतःच्या काळात लिहिलेल्या ग्रंथातही मलिक अंबरला जागा मिळाली आहे. पण विजयानंतर शहाजीराजे आणि अंबर यांचं जमलं नाही, राजे आदिलशाहीत गेले. हे का, असं मुलं विचारतात. पराक्रम दोघांचा असला की मान कोणाचा हा प्रश्न येतोच, आपल्या क्रिकेटच्या टीममध्येही येतो, एवढं सांगितलं तरी त्यांना पुरतं.

लढाया मुलांना आवडतात, पण माझ्या मते मलिक अंबरचं सगळ्यात मोठं काम शेतीच्या धाऱ्याचं. आधी सारावसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम देणार आणि शेतकऱ्याकडून जमेल तितकं काढणार. आठवडी बाजारात पावती फाडणारा ठेकेदार मुलांनी पाहिलेला असतो, त्याचं उदाहरण द्या. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची मोजणी केली, कस पाहून प्रत ठरवली, किती पिकतं ते पाहिलं आणि त्यावर सारा बसवला. सुरुवातीला उत्पन्नाच्या पाच हिश्श्यांपैकी दोन, पुढे रोख रकमेत साधारण एक तृतीयांश. वसुलीत गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना पुन्हा स्थान दिलं आणि मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क मानला. पुढे पुणे जहागिरीची घडी बसवताना हीच पद्धत डोळ्यासमोर होती. वर्गात ज्वारीच्या पाच मुठी मांडा, दोन सरकारच्या बाजूला सरकवा आणि उरलेल्या तीनमध्ये बियाणं, घरचं खाणं, बैलांचा खर्च बसवून दाखवायला सांगा. शेतकऱ्यांची मुलं जे बोलतील ते ऐकत राहा. दोन हिस्से जास्त आहेत असंही ती म्हणतील. म्हणू द्या, मक्तेदार किती नेत असेल हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

14 मे 1626 रोजी मलिक अंबर मरण पावला. वय ऐंशीच्या जवळ. विशेष म्हणजे मोगल दरबारातल्या इतिहासकारानेसुद्धा त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ केली. पुढे मात्र घडी विस्कटली. फतेहखानाला बापासारखं सांभाळता आलं नाही, 1633 मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. शहाजीराजांनी परत येऊन निजामशाही उभी करायचा एक जिद्दीचा प्रयत्न केला, तो 1636 मध्ये संपला. तेव्हा शिवबा सहा वर्षांचे होते आणि त्यांचा जन्म झाला होता तो शिवनेरी ज्या जुन्नरच्या डोक्यावर आहे, तिथे काही काळ मलिक अंबरची राजधानी होती.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. वेरूळच्या सहलीची बस याच रस्त्याने जाते. बहुतेक शाळा लेणी पाहतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, औरंगजेबाची साधी कबर पाहतात आणि दौलताबादला निघतात. यंदा बस वीस मिनिटं थांबवा. गावाबाहेर घुमटाची ती दगडी इमारत आहे, शेजारी त्याच्या पत्नीची. गर्दी नसते, तिकीट नसतं. मुलांना आत शांत बसू द्या आणि ती नकाशाची सुतळी सोबत न्यायला विसरू नका. तिचं शेवटचं टोक कुठे टोचायचं हे मुलंच सांगतील.